जुन्या सभासदांचा सत्कार: 25 वर्षं मोजायची कशी, आणि समारंभ प्रदर्शनाच्या दिवशीच ठेवावा का?

फोंड्याचा_लक्का (प्रश्न)

नमस्कार मंडळी. शोभेची कबुतरं पाळणाऱ्यांची आमची संघटना फोंडा तालुक्यात आहे, 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली. प्रदर्शन दर जानेवारीत, पंचायतीच्या सभागृहात. यंदाच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला की 25 किंवा त्याहून जास्त वर्षं संघटनेत असलेल्यांचा सत्कार करायचा. ठराव एका ओळीचा, त्यावरची भांडणं मात्र पानभर.

पहिली अडचण नोंदींची. सुरुवातीच्या सात-आठ वर्षांची सभासद-वही गळक्या कपाटात भिजली आणि तशीच सुकली, पानं एकमेकांना चिकटलीत. हाताशी आहेत ती काही पावतीपुस्तकं, रिंगवाटपाच्या (कबुतराच्या पायात घालायच्या साल-क्रमांकाच्या कड्या कोणाला दिल्या त्याच्या) दोन वह्या आणि जुन्या प्रदर्शनांच्या पिंजरा-याद्या, म्हणजे कोणत्या पिंजऱ्यात कोणाचं कबुतर ते. शिवाय मध्ये तीन-चार वर्षं वर्गणी न भरता पुन्हा आलेले काही जण आहेत, त्यांचं काय करायचं?

नावं अकरा-बारा होतील. सत्कार प्रदर्शनाच्या दिवशीच उरकावा असं कार्यकारिणीचं म्हणणं, कारण हॉल आणि माईक एकदाच लागतो. मानद सभासदत्व द्यावं का, आणि वस्तू काय द्यावी, तेही सांगा. शाल-श्रीफळ तर आहेच, पण त्यापलीकडे टिकणारं काहीतरी हवं.

म्हापशेकर_होमर

आधी वहीकडे बघा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. वही उन्हातही टाकू नका. उन्हात कागद आकसतो, शाई उडते आणि गठ्ठा आणखी घट्ट बसतो. बोथट, पातळ सुरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी कडेने हळूहळू सरकवा, जिथे अडेल तिथे थांबा आणि दुसऱ्या कडेने घ्या. सुटलेल्या प्रत्येक पानामागे टीपकागद घाला. काळी-हिरवी बुरशी दिसत असेल तर मास्क लावून, उघड्या व्हरांड्यात हे काम करा, घरात नको.

शाई पुसलेली दिसली म्हणून पान गेलं असं समजू नका. बॉलपेनने लिहिलेलं असेल तर कागदावर खाच राहते. खोली अंधारी करा, टॉर्च पानाला जवळजवळ समांतर, एका बाजूने धरा आणि मोबाईलने फोटो काढा. प्रकाश डावीकडून एक, वरून एक, असे दोन फोटो घ्या. एकात न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात उमटतं. शाईपेनच्या अक्षरांना मात्र हा उपाय चालत नाही, ती पाण्याबरोबर गेली.

आता पुरावे. सगळे कागद सारख्या वजनाचे नसतात. वर्गणीच्या पावतीची स्थळप्रत सगळ्यात पक्की: तारीख, नाव, रक्कम, तिन्ही एका जागी. त्याच्या खालोखाल रोखवही आणि सभेच्या इतिवृत्तातली हजेरी. पिंजरा-यादी दुय्यम धरा, कारण प्रदर्शनात पाहुणे म्हणूनही कबुतरं मांडता येतात. यादीत नाव आहे म्हणजे सभासद होताच असं नाही. घरच्या भिंतीवरची प्रमाणपत्रंही त्याच रांगेत.

रिंगवाटपाची वही सोन्यासारखी आहे, पण वाचताना घोटाळा होतो तो इथेच. बंद रिंग पिल्लू साधारण सहा ते दहा दिवसांचं असतानाच पायात जाते: पुढची तीन बोटं आधी ओवायची, मागचं बोट पायाच्या नळीला समांतर धरून रिंग वर सरकवायची आणि ते बोट हलकेच सोडवायचं. किंगसारख्या मोठ्या जातीत आणखी लवकर. उशीर झाला की रिंग जात नाही, घाई केली की घरट्यात गळून पडते. म्हणून रिंगवरचं साल म्हणजे त्या कबुतराचं जन्मसाल, यात शंका नाही. पण रिंग कबुतराचं वय सांगते, मालकाचं सभासदत्व नाही. सभासदाने तारेत ओवून ठेवलेल्या जुन्या रिंगांची माळ आणून "हे बघा माझे चाळीस वर्षांचे पुरावे" असं म्हटलं, तर त्यातली किती पिल्लं त्याच्या ढाबळीत (कबुतरांच्या खुराड्यात) जन्मली आणि किती पक्षी विकत आणले, हे माळ सांगत नाही. माळेतला क्रमांक आणि वहीत "अमुक ते अमुक क्रमांक कोणाला दिले" ही नोंद जुळली, तरच ते साल धरा. उघडी, म्हणजे नंतर चिमटून बसवता येणारी रिंग पुरावाच नव्हे.

आणखी एक जागा लोक विसरतात. सोसायटी कायद्याच्या कलम 4 प्रमाणे वार्षिक सभेनंतर 14 दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यायची असते. तुमच्या आधीच्या सेक्रेटरींनी ती दिली असेल तर तिथल्या फायलीत आहे, आणि कलम 19 प्रमाणे ती पाहता येते, नक्कलही मागता येते. त्यात सगळे सभासद नसतात, फक्त पदाधिकारी, पण बारापैकी चार-पाच जण त्या काळी कार्यकारिणीत असणारच. त्यांचा प्रश्न तिथेच सुटला.

पद्धत अशी ठेवा: माणसामागे एक कागद, त्यावर एका ओळीत सालं, प्रत्येक सालापुढे पुराव्याचं नाव. रकाना रिकामा राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंची सालं भरलेली असतील तर सलग दोन सालांपर्यंतची फट भरून घ्या. त्याहून मोठी फट असेल तर दोन जुन्या सभासदांचं लेखी निवेदन मागा. तपासणाऱ्या तिघांत ज्याचं स्वतःचं नाव यादीत येऊ शकतं असा माणूस नको. तयार यादी 30 दिवस फलकावर आणि गटात लावा, हरकती लेखी घ्या. समारंभाच्या आदल्या दिवशी आलेली हरकत ऐकायची नाही, हे त्या फलकावरच लिहा.

डिचोलीची_ढाबळ

पुराव्याचं वर सगळं आलं. मला आक्षेप आहे तो ठरावावर. "25 वर्षं संघटनेत" याचे दोन अर्थ होतात, आणि भांडण तिथून सुरू होतं. वर्गणी भरून नाव टिकवणं वेगळं, आणि पहाटे साडेपाचला येऊन दीडशे पिंजऱ्यांत पाण्याच्या वाट्या अडकवणं वेगळं. पहिल्याला सभासदत्वाची वर्षं म्हणा, दुसऱ्याला सेवा. दोन्हींचा सत्कार करा, पण एकाच मानपत्रावर नको.

खंडाबद्दल: सलग वर्षं न मोजता एकूण वर्षं मोजा. गोव्यातला माणूस नोकरीला आखातात जातो, जहाजावर जातो, पाच वर्षांनी परत येऊन पुन्हा कबुतरांच्या जोड्या लावतो. त्याची आधीची बारा वर्षं पुसायची कशाला? मात्र न भरलेली वर्षं मोजायची नाहीत, आणि मागची थकबाकी आज भरून ज्येष्ठता विकत घेऊ द्यायची नाही. हे नियमात आधी लिहिलं नाही तर यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी सहा वर्षांची वर्गणी घेऊन खजिनदाराच्या दारात उभा राहतो. खजिनदार बिचारा पावती फाडतो, आणि मग ती पावतीच पुरावा होते.

कलम 15 लक्षात ठेवा. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर त्याला मत देता येत नाही, तो सभासदांत मोजलाही जात नाही. म्हणून मानद सभासदत्व देताना "वर्गणी माफ" एवढंच लिहू नका. दोनच मार्ग स्वच्छ आहेत. एक, मानद सभासद म्हणजे मताविना, फक्त मान आणि प्रदर्शनाला मोफत पिंजरे. दोन, संघटनेने स्वतःच्या निधीतून त्याची आजीव वर्गणी भरायची, त्याची रीतसर पावती फाडायची, मत कायम. दुसरा मार्ग महाग, पण ज्येष्ठांचं मत गेलं की सत्कार म्हणजे निरोप वाटतो. ठरावात सूचक-अनुमोदकांची नावं, मार्ग कोणता, हे शब्दांत हवं.

सेवेच्या सत्कारासाठी वर्षांची अट ठेवू नका, कामांची यादी ठेवा. सेक्रेटरी, खजिनदार ही दिसणारी कामं. न दिसणारी जास्त महत्त्वाची: रिंगा मागवणं आणि वाटणं, परीक्षकाशेजारी बसून गुणपत्रिका लिहिणं, लसीकरणाच्या दिवशी कबुतरं धरून देणं, पिंजरे धुऊन, सुकवून, तारा तपासून गोदामात रचणं. हे शेवटचं काम करणाऱ्याचं नाव कुठल्याच वहीत नसतं. चार जुन्या सभासदांना वेगवेगळं विचारा, चारही तोंडून येणारं नाव बरोबर असतं.

फोंड्याचा_लक्का

दोघांचेही आभार. कलम 19 चं डोक्यातच आलं नव्हतं. एक सांगायचं राहिलं: सत्कारमूर्तींपैकी दोघांनी श्वासाच्या त्रासामुळे कबुतरं ठेवणं सोडलंय. एकाची ढाबळ आता पत्नी सांभाळते. दोघांनाही प्रदर्शनाच्या हॉलमध्ये बसवावं का, हा प्रश्न आहे. आणि शेवटी पांढरी कबुतरं उडवावीत अशी टूम निघाली आहे.

मडगावची_जॅकोबिन

हॉलमध्ये बसवू नका. कबुतराच्या पिसांची पांढरी भुकटी आणि सुकलेली विष्ठा हवेत मिसळते, आणि वर्षानुवर्षं ती श्वासात गेलेल्या काहींच्या फुप्फुसांना तिचं वावडं होतं. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. त्रास लगेच होत नाही, चार ते आठ तासांनी खोकला, ताप, धाप लागते. त्यामुळे माणूस कार्यक्रमात हसतमुख बसतो आणि रात्री घरी आजारी पडतो; कोणी त्याचा संबंध प्रदर्शनाशी लावत नाही. एकदा असं वावडं झालं की थोडा वेळ बसणंही नको, मास्कवर भरवसा नको. जुन्या सभासदांमध्येच हे जास्त असणार, कारण भुकटी तेवढी वर्षं त्यांच्या अंगावर पडली आहे. म्हणजे सत्काराची यादी आणि जोखमीची यादी बरीचशी एकच.

व्यासपीठ हॉलबाहेर मांडा. जानेवारीत पाऊस नाही, मंडप घालून पंचायतीच्या आवारात किंवा शेजारच्या देवळाच्या, चर्चच्या प्रांगणात होतं. हॉलचं दार आणि व्यासपीठ यांत पंधरा-वीस मीटर अंतर, आणि वारा व्यासपीठाकडून हॉलकडे जाईल अशी दिशा. दुपारनंतर वारा समुद्राकडून, म्हणजे ढोबळमानाने पश्चिमेकडून येतो, सकाळी उलटा. दुपारचा समारंभ असेल तर व्यासपीठ हॉलच्या पश्चिमेला. पिंजऱ्यांखालचा भुसा त्या दिवशी झाडू नका, झाडलात तर पाणी शिंपडून.

वेळेबद्दल कार्यकारिणीला सांगा की एकच दिवस ठीक, पण एकाच वेळी नाही. परीक्षण चालू असताना माईक लागला की लक्का मान खाली घालतो, जॅकोबिनचा पिसारा विस्कटतो, पाऊटर गळ्याची पिशवी फुगवायचं थांबवतो, आणि परीक्षकाला उभी राहण्याची ढब दिसत नाही. ढबीलाच गुण असतात. सकाळी आठ ते साडेबारा परीक्षण, माईक बंद. दीडला जेवण. तीनला सत्कार. बक्षिसं सत्कारानंतर, कारण बक्षीस घेतलेला माणूस पिंजरा उचलून घरी जातो आणि सत्काराला रिकाम्या खुर्च्या उरतात. हा क्रम उलटा लावू नका, बाकी काहीही बदला.

बारा जण असतील तर हिशेब मांडा. मानपत्राचा मजकूर 75 शब्दांचा, वाचायला पाऊण मिनिट. उठून येणं, शाल, फोटो, परत बसणं धरून माणशी चार मिनिटं: एकूण 48. त्यात पाहुण्यांचं भाषण 10 मिनिटं आणि एकाच सत्कारमूर्तीचं मनोगत 5 मिनिटं. सगळ्यांना मनोगत दिलंत तर दिवेलागण होते. जे चालू शकत नाहीत त्यांना व्यासपीठावर चढवू नका, पाहुण्यांनी खाली यावं. पायऱ्या दोनच असल्या तरी कठडा नसला की गुडघे दुखणाऱ्याला त्या दहा वाटतात.

कबुतरं उडवण्याबद्दल. घरी परतणारा असतो होमर, तोही सरावाचा. लक्का, जॅकोबिन, शिराजी सोडले तर ते समोरच्या कौलांवर बसतात आणि संध्याकाळपर्यंत शिकऱ्याच्या किंवा मांजराच्या तोंडी जातात. पांढरी दिसतात म्हणून लग्नातल्यासारखी कोणतीही सोडणं म्हणजे संघटनेने स्वतःच्या नावाला काळं फासणं. उडवायचेच असतील तर पाच ते सात पांढरे होमर, ज्यांना त्याच जागेवरून आधी तीन-चार वेळा सोडून घरी येताना पाहिलंय. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सूर्य साधारण सहा-वीसला मावळतो. म्हणून शेवटी नको, सत्काराच्या सुरुवातीलाच, साडेतीनच्या आत सोडा, ढग किंवा धुकं असेल तर सोडूच नका. पाहुण्यांच्या हातात कबुतर देऊ नका. ज्याला धरता येत नाही तो पंख किंवा शेपूट पकडतो, पिसं हातात राहतात आणि फोटो तोच छापून येतो. टोपलीचं झाकण उघडायला द्या. आणि हे होमर प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आत आणायचे नाहीत, एका ढाबळीचा आजार दहा ढाबळींत जातो.

बर्ड फ्लूच्या बातम्या हिवाळ्यातच येतात. पशुसंवर्धन खात्याची सूचना आली की पक्ष्यांचं प्रदर्शन रद्द करावं लागेल. सत्काराचं निमंत्रण आणि प्रदर्शनाचं पत्रक वेगवेगळं छापा, म्हणजे एक रद्द झालं तरी दुसरं चालतं.

कावी_आणि_कबुतर

वस्तूबद्दल लिहितो. गोव्यात मानचिन्ह टिकत नाही याला दोन कारणं: पावसाळ्यातली दमट हवा आणि किनाऱ्याजवळचा खारा वारा. बाजारातलं नेहमीचं मानचिन्ह एमडीएफवर (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीवर) चिकटवलेला धातूचा पत्रा असतो. एमडीएफ पहिल्या पावसाळ्यात कडेने फुगतं, दुसऱ्यात पत्रा सुटतो. पितळ हिरवं पडतं. वर लॅकर (पारदर्शक रोगण) मारलेलं पितळ बरं, पण कोरीवकाम लॅकरच्या आधी करून घ्या. नंतर कोरलं तर त्या रेघांतूनच काळं पडायला सुरुवात होते. काचेच्या चौकटीतलं मानपत्र काचेला टेकलं की कागद काचेला चिकटतो आणि त्यावर तपकिरी ठिपके येतात. काच आणि कागदात पुठ्ठ्याची दोन-तीन मिलिमीटरची किनार ठेवा, मागे बूच किंवा रबराचे चार ठोकळे लावा म्हणजे भिंतीची ओल लागत नाही. लॅमिनेशन नको. कडेने एकदा हवा शिरली की ओल आतच अडकते.

माझी शिफारस रंगवलेली फरशी, आझुलेजो. आपल्याकडच्या घरांच्या नावाच्या पाट्या जशा असतात तशी, 15 बाय 15 सेंटीमीटर, त्यावर सत्कारमूर्तींच्या जातीचं कबुतर रंगवलेलं, म्हणजे ते पाळतात त्या जातीचं, खाली नाव आणि साल. ना बुरशी, ना गंज, दाराशेजारी सिमेंटने बसवता येते. पण विचारून घ्या: रंग हाताने लावून भट्टीत भाजलाय की गरम प्रेसने छापलाय? छापील फरशी पहिल्या दिवशी जास्त चकचकीत दिसते आणि उन्हात दोन-तीन वर्षांत पिवळी-फिकी होते. भाजलेली फरशी रंगवून, भाजून मिळायला वेळ जातो, काही भट्टीत तडकतात. बारा हव्या असतील तर चौदा सांगा आणि दोन महिने आधी सांगा.

चित्रकाराला "कबुतर काढा" एवढंच सांगाल तर बाराही फरश्यांवर एकच शांतिदूत येईल, चोचीत पानासह. प्रत्येकाकडून त्याच्या कबुतराचा बाजूने काढलेला फोटो मागा आणि खुणा लिहून द्या. आपल्या लक्क्याला डोक्यामागे शेंडी आणि पायात पिसांचे मोजे असतात. इंटरनेटवर सापडणाऱ्या इंग्लिश फॅनटेलला दोन्ही नसतं, आणि चित्रकार हमखास तोच काढतो. साध्या कबुतराच्या शेपटीत 12 पिसं, लक्क्याच्या पंख्यात तीस-चाळीस, तेव्हा पंखा भरगच्च हवा. मुखीचं डोकं पांढरं, अंग रंगीत, आणि दोन्ही पंखांची टोकाची दोन-दोन पिसं पांढरी. शिराजीचं पोट आणि गळ्याचा पुढचा भाग पांढरा, रंग डोक्यावरून मानेमागे आणि पाठीवर उतरलेला. जॅकोबिनची पिसांची कॉलर दोन्ही बाजूंनी समोर येऊन चेहरा झाकते. चाळीस वर्षं मुखी जोपासणाऱ्याच्या भिंतीवर टोकाची पिसं काळी रंगवलेली मुखी गेली तर तो फरशी घेईल, पण लावणार नाही.

मानपत्राचा मजकूर: अकबराच्या दरबारातली वीस हजार कबुतरं कृपा करून त्यात आणू नका, ती प्रत्येक मानपत्रात येतात. नाव, सभासद झाल्याचं साल, कबुतरांची जात, पद, आणि एक नेमकं काम, एवढंच. "निःस्वार्थ सेवेचा महामेरू" याऐवजी "रिंगा मागवून वाटण्याचं काम अकरा वर्षं केलं" हे ऐकताना लोक टाळ्या वाजवतात, कारण ते त्यांना माहीत असतं. नाव सत्कारमूर्ती स्वतः जसं लिहितात तसं, मतदार यादीतलं नको. ख्रिस्ती सभासदांना विचारा मजकूर मराठीत हवा की कोकणीत, आणि कोकणी असेल तर रोमी लिपीत की देवनागरीत. घरात कोणालाच वाचता न येणारं मानपत्र कपाटात जातं. छापायला देण्याआधी त्यांच्या घरच्या एकाकडून शुद्धलेखन तपासून घ्या, ही चूक व्यासपीठावरच कळते.

ढाबळ सांभाळणाऱ्या पत्नीचा उल्लेख केलात, तर तिचं नाव "सौ." म्हणून नवऱ्याच्या मानपत्रात कोंबू नका. दाणा-पाणी, पिल्लांना हाताने भरवणं, खुराडी धुणं हे तिने केलं असेल तर डिचोलीकरांनी सांगितलेल्या सेवेच्या यादीत ती स्वतंत्र बसते. सभासद नसली तरी.

पेडण्याचा_गिरेबाज

फिरता चषक कोणीच सुचवला नाही. सत्कारमूर्तींच्या नावाचा चषक, त्यांच्याच कबुतरांच्या जातीच्या वर्गाला. एका खर्चात दर वर्षी नाव उच्चारलं जातं. फक्त मालकी संघटनेची, जिंकणाऱ्याकडून सही घ्यायची आणि प्रदर्शनाच्या 30 दिवस आधी परत, हे तीन नियम लिहून ठेवा.

म्हापशेकर_होमर

चषक चांगला, पण बारा चषक नको. तीन वर्षांत निम्मे कोणाच्या तरी शोकेसमध्ये अडकतात आणि ज्या जातीचे दोनच पिंजरे येतात तिथे चषक म्हणजे थट्टा. वर्गात किमान आठ-दहा पक्षी आणि दोन वेगवेगळे मालक असतील तरच द्यायचा, अशी चौथी अट घाला. आणि जिवंत माणसाच्या नावाचा चषक त्याचाच पक्षी जिंकला तर काय, हेही ठरवा. मी म्हणेन द्यावा, परीक्षकाला पिंजऱ्याचा क्रमांक दिसतो, नाव नाही.

फोंड्याचा_लक्का

सगळं उतरवून घेतलं. ऑगस्टअखेर वही, निबंधकांकडची फाईल आणि विशेष सभेत नियम, सप्टेंबरात चतुर्थी झाली की यादी फलकावर, ऑक्टोबरात हरकती, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फरश्यांची ऑर्डर. चषक एकच, लक्क्याच्या वर्गाला, तिथे वीसवर पिंजरे येतात. होमर बहुधा नाहीत.

एक शेवटचं. पुढच्या सालच्या रिंगा आता मागवायच्या आहेत. ज्येष्ठांना त्या फुकट द्याव्यात, आणि मान म्हणून क्रमांक 1 ते 10 त्यांच्यासाठी राखून ठेवावेत, रंगही वेगळा करावा असं एकाने सुचवलंय. खर्च जवळजवळ नाही. करू का?

मडगावची_जॅकोबिन

फुकट द्या, पण राखीव क्रमांक आणि वेगळा रंग नको. परीक्षक पक्षी हातात घेतो तेव्हा रिंग त्याच्या नजरेसमोर असते. सोनेरी रिंग किंवा क्रमांक 3 दिसला की पक्षी कोणाचा ते कळलं, मग पहिला नंबर दिला तरी बोलणार आणि नाही दिला तरी बोलणार. सालचा रंग सगळ्यांना एकच, क्रमांक मधलेच कुठले तरी. ज्यांनी कबुतरं सोडली त्यांना तर रिंगांचा उपयोगही नाही.

त्याऐवजी रिंगवाल्याकडून प्रत्येकासाठी एक जादा रिंग पाडून घ्या, साल सभासद झाल्याचं, क्रमांकाच्या जागी आद्याक्षरं. पायातली नाही, किल्लीच्या जुडग्यात घालायची. सगळ्यात मोठ्या मापाची मागवा, लहान मापावर अक्षरं बारीक येतात आणि वाचता येत नाहीत. वहीत ती "स्मरणार्थ, पक्ष्याला नाही" अशी नोंदवा, नाहीतर वीस वर्षांनी कोणीतरी तीच रिंग पुरावा म्हणून आणेल.

फोंड्याचा_लक्का

पटलं. तेरा मागवतो, एक त्या पत्नीसाठी. तिच्या रिंगवर तिने ढाबळ हातात घेतली ते साल घालू. देव बरें करूं.